द्राक्षं उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकतात : घरच्या वाइनविषयी प्रस्तावना

27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि पुढचे काही आठवडे महाराष्ट्रात दुसरा विषयच उरला नाही. वाइन दारू नव्हेच, असं एक बाजू सांगत होती. दारूला फळाचं नाव दिल्यानं ती सरबत होत नाही, असं दुसरी. माजलगावच्या मोंढ्यातही हा वाद ऐकू येत होता. गंमत अशी, की तावातावानं बोलणाऱ्या दोन्ही बाजूंना वाइन पिण्याचं किंवा न पिण्याचं महत्त्व ठाऊक होतं, ती होते कशी हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. निर्णयाची अंमलबजावणी रखडली, वाद विरला, आणि तो मूळ प्रश्न तसाच राहिला. पुढचं पुस्तक त्या प्रश्नाला धरून आहे : रसाची वाइन कशी होते, आणि घरच्या घरी, लहान प्रमाणात, ती पहिल्यांदा करू पाहणाऱ्यानं काय समजून घ्यावं.

त्या वादातला माझा कौल आधीच सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. वाइन ही दारू आहे. तिच्यातलं अल्कोहोल तेच, इथाइल अल्कोहोल, जे देशीत असतं आणि व्हिस्कीत असतं. फरक प्रमाणाचा. आपल्याकडची व्हिस्की 42.8 टक्क्यांची असते, वाइन साधारण 12 टक्क्यांची. दीडशे मिलीच्या एका ग्लासात 18 मिली शुद्ध अल्कोहोल जातं, म्हणजे लहान दीड पेग. फळापासून होते म्हणून ती औषध ठरत नाही. हे मान्य करून पुढे जाऊ.

आता कायदा. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा. आज त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. 1956 साली तो मुंबई राज्याला जोडला गेल्यावर पुढे हा कायदा इकडेही लागू झाला. त्यात 'मद्य' या शब्दाच्या व्याख्येत स्पिरिट, बिअर आणि ताडीबरोबर वाइनही आहे, आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. विकायला नाही, घरी प्यायला केली, एकच बरणी केली, पाहुण्यांसाठी केली, या सबबींना त्यात जागा नाही. वाइन विकत घेऊन पिण्यासाठी 21 वर्षांची अट आहे आणि परवाना लागतो तो वेगळाच. म्हणून माजलगावात, बीडात, पुण्यात राहणाऱ्या वाचकाला स्पष्ट सांगतो : परवाना नसेल तर हे पुस्तक समजून घेण्यासाठी वाचा, करून पाहण्यासाठी नाही.

मग ते कोणासाठी लिहिलं? मी आयुष्यभर मराठवाड्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. आमच्याकडची पोरं आता जगभर पांगली आहेत. अमेरिकेतून एखाद्याचा फोन येतो, "सर, काचेचं मोठं भांडं आणलंय, द्राक्षंही आणलीत, आता काय करू?" तिथल्या संघीय नियमाप्रमाणे एकट्या प्रौढाला वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, वाइन घरच्या वापरासाठी कर न भरता करता येते. ब्रिटनमध्येही स्वतःसाठी केलेल्या वाइनला परवाना लागत नाही. तिथल्या मराठी घरांना हे पुस्तक थेट कामाचं आहे. इथे नाशिकच्या, सांगलीच्या वायनरीत नोकरी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आहे. आणि ज्यांना नुसतं कळून घ्यायचंय त्यांनाही आहे. हा वर्ग प्रकाशक मोजत नाहीत, पण पुस्तकं टिकतात ती त्याच्यावर.

घरी मद्य करू द्यावं की नाही, हा प्रश्न 1949 सालचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि मद्यावर राज्याची पकड तिथे चांगली घट्ट आहे. कुठे विकायची, किती द्यायची, गिऱ्हाइकावर नजर कशी ठेवायची, सगळं ठरवलेलं. पण त्याच प्रकरणात कुटुंबवत्सल माणसाला घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मुभा आहे, आणि उत्सव, मेळे, यात्रा असतील तेव्हा चार दिवस सुरा करायला सूट आहे. द्राक्षरसाच्या मद्याला तिथे 'मधु' म्हटलंय, आणि त्याची नावं ते कुठल्या प्रदेशातलं यावरून पडलेली : कापिशायन, हारहूरक. कापिशायन म्हणजे कापिशीचं, आजच्या अफगाणिस्तानातलं. बाटलीवर प्रदेशाचं नाव घालायची फ्रेंचांची रीत आपल्याला फार नवी वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

त्यातलं 'अरिष्ट' आपल्या घरांतून कधीच गेलं नाही. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या, खोकल्याला द्राक्षासव देणाऱ्या आजीला कुणी मद्य पाजतेय असं म्हणत नाही. पण बाटलीच्या लेबलावर बारीक अक्षरांत स्वयंनिर्मित अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, बहुधा 5 ते 10 टक्के. वैद्यक ग्रंथांत या क्रियेला संधान म्हणतात. काढा किंवा रस, त्यात गूळ, वर धायटीची फुलं, तूप चोळलेल्या भांड्यात तोंड बांधून महिनाभर. धायटीच्या फुलातल्या मधावर रानटी यीस्ट असतं, ते गुळावर वाढतं आणि अल्कोहोल करतं. ज्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता त्यांनी फुलाच्या रूपानं यीस्टचं विरजण शोधून काढलं, हे मला प्रत्येक वेळी थक्क करतं. (कायद्यात औषधी तयारींना वेगळी वागणूक आहे, पण ती पिण्यालायक मद्य नसेल तर. ही पळवाट समजू नये.)

बीड जिल्ह्यात बसून दारूविषयी निवांत लिहिणं सोपं नाही. दिवाळी झाली की इथून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल घेतलेली असते, कोयता नवरा-बायकोचा मिळून धरला जातो, आणि त्या पैशातला किती वाटा हातभट्टीत जातो हे त्या घरातली बाई सांगेल. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून ज्या बायकांनी 'आडव्या बाटली'चं मतदान घडवून आणलं, त्यांना फळांची वाइन हा छंद आहे असं समजावून सांगायला मी जाणार नाही. हातभट्टी आणि टेबलावरची वाइन यांच्यात चवीचा आणि ऐपतीचा फरक आहे, घराचा संसार उधळायची ताकद मात्र दोन्हींत आहे. ज्या घरात ही अडचण आहे तिथे वाइनची बरणी मांडू नये, कायदा काहीही म्हणो, देश कुठलाही असो.

एवढं सांगून विषयाकडे येतो, कारण विषय मोठा रसाळ आहे.

माजलगावच्या माणसाला किण्वन नव्यानं शिकवावं लागत नाही, हे मला वर्गात कळलं. सिंदफणेवरचं धरण, जायकवाडीचा दुसरा टप्पा, कालव्याचं पाणी, त्यामागून आलेला ऊस, त्यामागून कारखाने. कारखान्याच्या हद्दीतून जाताना येणारा मळीचा आंबूस वास सगळ्यांच्या ओळखीचा. आणि 'ब्रिक्स' हा शब्द, जो इंग्रजी पुस्तकात समजावायला एक प्रकरण खर्ची घालतात, तो इथल्या शेतकऱ्याच्या तोंडात आहे. ऊस पक्व झाला का हे बघायला कारखान्याचा शेतकी मदतनीस हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतो, कांडीतून थेंब काढतो, डोळ्याला लावतो आणि आकडा सांगतो. 18, 20, 21. तोच आकडा वाइनमध्ये पहिला आकडा. रसातल्या विरघळलेल्या घटकांचं, म्हणजे मुख्यतः साखरेचं, शेकडा प्रमाण. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की 1 टक्का अल्कोहोल होतं. 22 ब्रिक्सच्या रसातून 12 ते 13 टक्क्यांची वाइन मिळते, 17 ब्रिक्सच्या रसातून साडेनऊ-दहाची. ही वाइन टिकायला कठीण. फक्त एक लक्षात ठेवायचं : रस आंबायला लागल्यावर रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलतो, कारण अल्कोहोल प्रकाश वेगळ्या तऱ्हेनं वाकवतं. तिथून पुढे तरंगणारा हायड्रोमीटरच हवा.

साखरेचं अल्कोहोल कोण करतं, हे माणसाला फार उशिरा कळलं. ही क्रिया जिवंत यीस्ट करतं, असं लुई पाश्चरनं 1860च्या सुमारास दाखवून दिलं. 1866 साली त्याचं वाइनवरचं पुस्तक आलं. 1897 साली एडुआर्ड बुखनरनं यीस्ट चिरडून काढलेल्या, पेशी नसलेल्या रसानंही साखर आंबते हे दाखवलं, आणि विकरांचं शास्त्र तिथून सुरू झालं. 1907 सालचं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. नवशिक्याला यातून घ्यायचं ते एवढंच, की वाइन आपण करत नाही. आपण यीस्टला जागा करून देतो आणि बाकीच्यांना तिथून हाकलतो. बाकीचे म्हणजे मुख्यतः व्हिनेगर करणारे जिवाणू, जे चिलटांच्या पायांवरून येतात आणि ज्यांना हवा लागते. म्हणून भांड्याचं तोंड पाण्याच्या सापळ्यानं बंद : आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही.

हा वायू किती, याचा अंदाज नसल्यानं अपघात होतात. गोड द्राक्षरसाच्या एका लिटरातून पन्नास-साठ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. बूच घट्ट लावलेली बाटली म्हणूनच फुटते, आणि बंद, खिडकी नसलेल्या खोलीत मोठी भांडी आंबवत ठेवली तर तिथल्या माणसालाही धोका असतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही प्रस्तावना लिहायला घेतली. घरच्या वाइनवरची जी पुस्तकं आपल्या हाती पडतात ती थंड देशांत लिहिलेली. इंग्लंडात सी. जे. जे. बेरी यांचं 'फर्स्ट स्टेप्स इन वाइनमेकिंग' पिढ्यानुपिढ्या वाचलं गेलं, आणि पुस्तक चांगलंच आहे. पण असल्या पुस्तकांत जिथे जिथे 'खोलीच्या तापमानाला ठेवा' असं येतं, तिथे खोली 18-20 अंशांची असते हे लेखकानं सांगितलेलं नसतं. त्याला ते सांगायची गरजच वाटत नाही. माजलगावात मार्चमध्ये दुपारी पारा 36-37 वर असतो, मेमध्ये चाळिशी पार करतो. पांढऱ्या वाइनला 12 ते 18 अंश मानवतात, लाल वाइनला 22 ते 30. त्याच्या वर गेलं की आधी वास जातो, फळाचा सुगंध वायूबरोबर उडून जातो. 35च्या पुढे यीस्ट थकतं, साखर अर्धवट राहते, आणि कोमट, गोड, अर्धवट आंबलेल्या रसावर दुसऱ्या जिवाणूंचा संसार सुरू होतो.

यात भर म्हणजे किण्वन स्वतःच उष्णता सोडतं. 22 ब्रिक्सचा रस पूर्ण आंबताना एवढी उष्णता देतो, की ती बाहेर जाऊच दिली नाही तर त्याचं तापमान पंचवीस अंशांहून जास्त चढेल. लहान बरणीतून ती निघून जाते, मोठ्या ड्रममध्ये अडकते. पंचवीस लिटरच्या एका भांड्याऐवजी पाच-पाच लिटरची पाच भांडी ठेवा, हा सल्ला विलायती पुस्तकात सापडत नाही. आपल्या हवेत तो पहिला.

पण खरी गोम कॅलेंडरात आहे. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. रस भांड्यात जातो आणि बाहेर थंडी सुरू होते. निसर्गच भांडं गार करत जातो, गाळ खाली बसवतो, जिवाणूंना झोपवतो. हजारो वर्षांच्या रीती त्या ऋतुचक्रावर बसल्या आहेत. महाराष्ट्रात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा : एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. फळ येतं जानेवारी ते एप्रिल. म्हणजे रस भांड्यात जातो आणि बाहेर उन्हाळा सुरू होतो. तिकडे हवा उतरत जाते, इकडे चढत जाते. सगळी क्रिया उलट्या प्रवाहात पोहायची. नारायणगावला 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी इंडेज उभी केली, नाशिकला राजीव सामंत यांनी 1999 साली सुला सुरू केली, राज्यानं 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. या सगळ्या उद्योगानं ही अडचण सोडवली ती गार पाण्याचे कप्पे असलेल्या पोलादी टाक्या बसवून. वीज आणि भांडवल असलं की ऋतू विकत घेता येतो. घरच्या माणसाकडे ते नसतं.

आपल्या शेजारी हीच क्रिया दुसऱ्या टोकाला चालते, ती बघण्यासारखी आहे. डिस्टिलरीत मळी 30-33 अंशांना आंबवतात आणि साधारण दिवसाभरात काम उरकतात. त्यांना वास नको, चव नको, फक्त अल्कोहोल हवं, कारण पुढे ते उकळून वेगळं काढायचंच आहे. वाइनवाल्याला उलट घाई नको असते. तेच यीस्ट, तीच साखर. वेळ आणि तापमान बदललं की एकीकडे इथेनॉलचा टँकर भरतो आणि एकीकडे पेला.

घरी गारवा कसा आणायचा? पुढच्या एका प्रकरणात हे सविस्तर आहे, इथे थोडक्यात. मराठवाड्याचा मार्च कोरडा असतो, आणि कोरड्या हवेत माठ जे करतो तेच ओलं गोणपाट करतं. भांडं पाण्याच्या टबात ठेवायचं, त्याला ओलं कापड गुंडाळायचं, कापडाचं टोक पाण्यात बुडवायचं, जवळ पंखा. बाष्पीभवनानं पाच-सात अंश सहज उतरतात. टबात बर्फ केलेल्या बाटल्या आलटून पालटून टाकल्या तर आणखी. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, हवा आधीच ओली असते. आणि भारनियमन असलं तरी कापड काम करतं, फ्रिज करत नाही.

दुसरा उपाय अधिक शहाणा आहे आणि तो कुठल्या पुस्तकातून आलेला नाही. वसईच्या आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत, जी मराठी बोलणारी घरं आहेत, नाताळसाठी वाइन करायची जुनी रीत आहे : मनुक्यांची, बीटाची, आल्याची, जांभळाची. मनुका ही कॅलेंडरातून सुटलेली द्राक्षं. उन्हाळ्यात तासगावला वाळवलेल्या मनुका नोव्हेंबरच्या शेवटी भिजत घातल्या, तर किण्वन डिसेंबर-जानेवारीत होतं, जेव्हा माजलगावच्या रात्री 12-13 अंशांपर्यंत उतरतात. किलोभर मनुक्यांत 650 ते 700 ग्रॅम साखर असते, त्यामुळे हिशेबही सोपा. एकच काळजी : आपल्याकडे मनुका लवकर सुकाव्यात म्हणून डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात, आणि पिवळ्याधमक दिसणाऱ्यांना गंधकाची धुरी दिलेली असते. गंधक यीस्टला रोखतं. काळ्या मनुका घ्याव्यात, गरम पाण्यानं दोनदा धुवाव्यात. (कायदा त्या घरांनाही तोच आहे, हे पुन्हा सांगायला नको.)

बाजारातून आणलेल्या ताज्या द्राक्षांविषयी फार आशा धरू नये. आपल्या हातगाडीवरची थॉमसन आणि तिची भावंडं खाण्यासाठी वाढवलेली. पाणीदार, पातळ सालीची, आंबटपणा कमी. उष्णतेत वेलीवरच फळातलं मॅलिक आम्ल जळून जातं, आणि कमी आंबट रसाची वाइन चपटी लागते, लवकर नासते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून काढलेली एआरआय-516 ही जात रसाला आणि वाइनला चांगली, पण ती मोंढ्यात मिळत नाही. आंबटपणा वाढवायला टार्टारिक आम्ल घालतात. हे आम्ल द्राक्षात असतं आणि आपल्या बांधावरच्या चिंचेत भरपूर असतं. चिंचेचा कोळ वाइनमध्ये घाला असं मी म्हणत नाही, तिच्यासोबत चिंचेची चवही येते. पण ज्यानं आमटीला चिंच किती लागते हे जिभेनं ठरवलंय, त्याला आम्लाचा तोल शिकवावा लागत नाही.

बीडचं स्वतःचं फळ सीताफळ. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, बालाघाटाच्या डोंगरउतारावर ते आपोआप वाढतं, साखरेला कमी नाही. साहजिकच सगळे विचारतात, सीताफळाची का नाही? कारण त्यात आम्ल जवळजवळ नाही, गर रवाळ आणि चिकट, रस सुटत नाही, आणि तापवलं तर कडू होतं. पहिल्या प्रयत्नाला हे फळ नव्हे. जांभूळ त्यापेक्षा बरं, रंग आणि तुरटपणा दोन्ही आहे, साखर कमी पडते ती वरून घालता येते. पण जांभूळ येतं जूनमध्ये, दमट हवेत, चिलटांच्या हंगामात.

यीस्टला साखरेशिवाय नायट्रोजनही लागतो. वाइनवाले त्यासाठी डायअमोनियम फॉस्फेट वापरतात. हो, तेच डीएपी, जे पेरणीच्या वेळी रांगेत उभं राहून घेतलं जातं. हातभट्टीवाले काळ्या गुळात नवसागर टाकतात, तोही अमोनियमचाच क्षार. रसायन शिकल्याशिवाय त्यांनी नायट्रोजनचा प्रश्न सोडवला! खताच्या गोणीतलं डीएपी मात्र कुणीही, कधीही वापरू नये. त्यात जड धातू असू शकतात. खाद्य दर्जाचं वेगळं मिळतं.

आणि विषबाधेचं भय. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरहून अधिक माणसं गेली. ते मिथेनॉल होतं, भेसळ केलेलं, औद्योगिक. फळ आंबताना पेक्टिनपासून मिथेनॉल अगदी अल्प होतं आणि वाइनमध्ये ते धोक्याच्या पातळीपर्यंत जात नाही. धोका सुरू होतो तो आंबवलेला रस उकळून वाफ पकडायला गेलं की, किंवा कुणी आणून दिलेलं स्पिरिट त्यात मिसळलं की. या पुस्तकात ऊर्ध्वपातनाविषयी एक ओळही नाही, आणि जिथे घरची वाइन चालते अशा बहुतेक देशांतही घरची भट्टी चालत नाही.

भांड्यांचं प्रकरण वाचकाला कंटाळवाणं वाटेल, तरी वगळू नये. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम नको, आम्ल ते खातं. जुनी चिनी मातीची लोणच्याची बरणी सुंदर दिसते, पण तिच्या झिलईत शिसं असू शकतं. काच, स्टील, खाद्य दर्जाचं प्लास्टिक. निर्जंतुक करायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, जे आपल्याकडच्या बायका लिंबाच्या सरबतात 'केएमएस' म्हणून पूर्वीपासून घालत आल्या आहेत. दहा लिटर रसात एक ग्रॅम पुरतं, दम्याच्या माणसाला तेवढंही बाधू शकतं. पावाचं यीस्ट चालतं का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. चालतं, दहा टक्क्यांच्या आसपास दमतं, गाळ नीट बसत नाही आणि वाइनला पावाचा वास येतो. वाइनचं यीस्ट पाकिटात मिळतं आणि महाग नाही.

माजलगावातला वाचक यातलं काय करू शकतो? रस काढून आंबवायला कायद्याची आडकाठी आहे, मोजायला नाही. द्राक्षाचा, उसाचा, जांभळाचा ब्रिक्स घ्यावा. आणि साधा थर्मामीटर घेऊन फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून घरातल्या प्रत्येक खोलीचं तापमान सकाळी सहाला आणि दुपारी तीनला वहीत लिहावं : माडीवर, स्वयंपाकघरात, देवघरात, धाब्याच्या जुन्या खोलीत, न्हाणीघराच्या ओल्या भिंतीशी. मार्चअखेर त्या वहीत कुठल्या कोपऱ्याला रात्र आणि दिवस यांच्यात सर्वांत कमी फरक पडला ते दिसेल. पहिलं प्रकरण त्या कोपऱ्यापासून सुरू होतं.